पोचलीस की वाजव

सारिका मॅडमचा फोन आला तेव्हा मी वरवंडच्या चौकात भाजीवालीशी भांडत होते. मेथीची जुडी वरून हिरवीगार आणि आत हात घातला तर कुजकी. मॅडम तिकडून ओरडतच होत्या, "सुरेखाताई, बक्षीस! आपल्या संशोधनाला बक्षीस मिळालं! पुण्यात मोठी परिषद आहे, मनाच्या आजारांवर यंत्रांचा उपयोग कसा करायचा यावर. तिथं देणार आहेत. तुम्ही आणि अयुबमामा, दोघांनी यायचंच."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण पाठोपाठ त्यांचा आवाज खाली आला. "आणि ताई, परिषद झाली की प्रकल्प संपतोय. तो मिस कॉलचा नंबर बंद होणार आहे."

"वा गं वा! एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. मग मामांनी संध्याकाळी कुणाला वाजवायचं?"

भाजीवाली म्हणाली, "घेनार का जुडी?" मी म्हटलं, "ठेव तुझ्या डोक्यावर," आणि तशीच घरी आले. स्वयंपाकात लक्ष लागलं नाही.

अयुबमामा माझे सख्खे मामा नव्हेत. माझं माहेर यवतचं. आमची बौद्धवस्ती आणि मामांची गल्ली यांच्यामध्ये एक कडुलिंब, एवढंच काय ते अंतर. मामांचा टेंपो होता आणि त्याच्या मागच्या फळीवर निळ्या अक्षरांत बायकोचं नाव, 'नजमुन्निसा'. गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा भरायच्या, चौफुल्यावरून पारगाव, न्हावरा करत शिरूरला टाकायच्या, येताना मिळेल तो माल घ्यायचा. सगळा जन्म त्याच रस्त्यावर गेला. माणूस बोलायला भारी कंजूष. 'व्हय', 'न्हाई' आणि 'बघू' या तीन शब्दांत त्यांचा संसार चालायचा. बाकीचं सगळं मामी बोलायच्या, दोघांच्याही वाटचं.

चौदा एप्रिलच्या आमच्या मिरवणुकीला टेंपो मामांचाच ठरलेला. आदल्या दिवशी मामी पदर खोचून तो स्वतः धुवायच्या. वस्तीतली पोरं म्हणायची, "मामी, आम्ही धुतो की." त्यावर मामी म्हणायच्या, "तुमी नुसतं पानी उडवताय. बाबासाहेबांचा फोटो बसवायचाय त्यात. गुळाच्या मुंग्या राहिल्या तर तोंड कुठं लपवू?" ईदला आमच्याकडे शीरखुर्म्याचा डबा यायचा. रिकामा डबा परत द्यायचा नाही, म्हणून आई त्यात शेंगदाण्याची चटणी भरून पाठवायची. पुढच्या ईदपर्यंत तो डबा काही ना काही घेऊन इकडून तिकडं फिरतच असायचा. शेवटी तो मूळ कुणाचा, हेच दोन्ही घरं विसरली.

मोबाईल आले तसे मामांनी दोन घेतले, एक स्वतःला आणि एक मामीला. त्या वेळी बोलायला पैसे पडायचे. मग दोघांनी रीत पाडली. शिरूरहून येताना पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडला की मामा टेंपो कडेला घ्यायचे आणि मामीला मिस कॉल द्यायचे. म्हणजे 'पूल ओलांडला, येतोय.' मामी उचलायच्या नाहीत. त्या उलट एक रिंग द्यायच्या. म्हणजे 'कळलं, या. तवा ठेवते.' मामा यवतला दारात टेंपो लावायचे तेव्हा भाकरी तव्यावर फुगलेली असायची. पुढं दिवसभर फुकट बोलायचे दिवस आले, तरी यांचं आपलं तेच. मी मामीला चिडवायचे, "आता तरी बोला की हो दोघं. पैसे लागत न्हाईत."

"बोलायचंय काय त्यात? ते येत्यात, मला कळलं. मला कळलं, हे त्यांना कळलं. अजून काय राह्यलं?"

माझं लग्न होऊन मी वरवंडला आले. माहेरी जाऊन परत निघाले की स्टँडवर सोडायला आई आणि मामी दोघी यायच्या. आई डोळे पुसत बसायची आणि मामी बसच्या खिडकीला लटकून सांगायच्या, "पोचलीस की वाजव!" आईकडं फोन नव्हता. मी वरवंडला उतरून मामीला मिस कॉल द्यायचे, उलट एक रिंग यायची, आणि तिकडं मामी कडुलिंबाखाली येऊन आईला हाळी द्यायच्या, "सुरेखा पोचली गंऽऽ!" सगळ्या वस्तीला कळायचं. मला तेव्हा लाज वाटायची.

आई गेली. माझे मालक गेले. पोरगा सम्राट शिक्रापूरला कंपनीत लागला, तिथंच खोली करून राहतो. पोरगा गुणी आहे, पण फोन म्हणजे सुट्टीच्या दिवशी, तोही घाईचा. मग मामी गेल्या. शुगरनं आधी पाय धरले, मग किडन्या, आणि बघता बघता बाई संपली. लेक फरहत सोलापूरला दिलेली, तिनं बापाला हात जोडून बोलावलं. मामा म्हणाले, "बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ 'नाही', हे आम्हा सगळ्यांना माहीत.

मामांनी टेंपो चालवायचा सोडला. तो दारापुढं उभा राहिला आणि मामा रोज संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन बसू लागले. लोक म्हणायचे, म्हातारा गाडीला जपतो. ते तिथं बसून काय करतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. ते मामीच्या नंबरवर मिस कॉल द्यायचे. घरात कपाटावर ठेवलेला मामीचा फोन तोवर कधीच बंद पडला होता, तरी द्यायचे. पुढं फोनच्या कंपनीनं तो नंबर दुसऱ्याच कुणाला दिला. शिक्रापूरला भाड्यानं राहणारा कुणी परप्रांतीय कामगार. त्यानं उचलला. "हॅलो, कौन? कौन बोल रहे हो, चाचा?"

"मानूस चांगला होता," मामा मला म्हणाले. "पर उचलायचा."

तेव्हा त्यांनी तो नंबर सोडला. केबिनमध्ये मात्र बसत राहिले.

याच सुमाराला सारिका मॅडमचा प्रकल्प आला. नाव 'हाक'. शिरूरमध्ये बी-बियाण्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस, तिथं कॉम्प्युटर आणि फोन करणारं यंत्र. ज्याचं मन जड झालंय त्यानं एका नंबरवर मिस कॉल द्यायचा. यंत्र उलट फोन करणार, आपली विचारपूस करणार, आणि गरज वाटली तर बोलायला खरंखुरं माणूस देणार. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या गावांत फिरून लोकांना हा नंबर समजावून द्यायचं काम माझं. लोकांनी मला काय काय ऐकवलं, काही विचारू नका. "मन जड? का, मला काय येड लागलंय व्हय?" असं म्हणून एकानं कुत्रं सोडलं माझ्या अंगावर.

मामांकडं गेले तर म्हणाले, "बघू."

"बघू-बिघू चालायचं न्हाई. भाचीसाठी एक मिस कॉल द्यायला तुमचं काय जातंय?" मी त्यांचा फोन घेऊन नंबर लावून दिला आणि त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी एकदा वाजू दिला आणि कापला. जरा वेळानं त्यांच्या हातातला फोन वाजला. मामा दचकले. त्या फोनकडं बघत राहिले आणि पहिली रिंग संपताच त्यांनी तो कापला, खिशात टाकला.

"अवं मामा, उचलायचा असतो."

"आसू दे. झालं माझं," ते म्हणाले आणि मला चहा करून दिला. मामी गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून चहा टाकला होता. मला वाटलं, चला, म्हातारा जरा माणसात आला.

तिकडं शिरूरच्या कॉम्प्युटरवर मात्र मामांचा नंबर रोज लाल व्हायचा. हा माणूस रोज संध्याकाळी मिस कॉल देतो आणि आपण फोन केला की कापतो. मॅडमना मामींची रीत माहीत असायचं काही कारण नाही, आणि शिरूरच्या कॉम्प्युटरवर काय चाललंय याचा मला पत्ता नाही. यंत्राला तर नेमूनच दिलेलं होतं, की जो सारखा फोन कापतो त्याला त्रास द्यायचा नाही, त्याचा नंबर यादीतून आपोआप काढायचा. त्यानं इमानेइतबारे काढला.

मामांच्या शेजारी पोपटराव राहतात. त्यांचा मला फोन आला, "सुरेखा, तुझा मामा काय टेंपोतनं उतरंना झालाय. काल दिवसभर आन् आज पन. ताट दिलं तर तसंच पडलंय."

मॅडम त्या दिवशी माझ्याबरोबरच केडगावला होत्या. दोघी तशाच पळालो. मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. ओठ सुकलेले, अंगात कणकण, फोन मुठीत घट्ट धरलेला. पोपटरावांच्या बायकोनं दिलेलं ताट शेजारच्या सीटवर, भाकरी वाळून कडकडीत. मला इतका राग आला की मी रडता रडताच ओरडायला लागले, "काय चालवलंय हे? जीव द्यायचाय का? फरहतला काय सांगू मी?"

मामांनी डोकं वर केलं. "वाजंना झालंय," ते म्हणाले.

"काय वाजंना?"

"मी रोज वाजवतुया. उलट रिंगच येत न्हाई. म्हंजी तिकडं कुनी न्हाई. मग खायाचं कुनाच्या जिवावर?"

मला सगळं उमगलं. मॅडमना काहीच कळेना. त्या टेंपोच्या पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मामा, पण आम्ही फोन करत होतो तेव्हा तुम्ही उचलत का नव्हता?"

मामांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू ही शिकली-सवरलेली पोरगी अगदीच खुळी आहे. "मिस कॉल उचलत्यात व्हय?"

मग मी मॅडमना सगळं सांगितलं. पारगावचा पूल, मामी, एक रिंग, तवा. मॅडम ऐकून घेत होत्या, डोळ्यांना पाणी लागलेलं. त्यांनी तिथूनच शिरूरला फोन लावला आणि कुणाला तरी सांगितलं, "तो नंबर आत्ताच्या आत्ता परत घाला. आणि यंत्राला सांगा, कापला तरी काढायचा नाही. कधीच नाही." मामांना म्हणाल्या, "द्या मिस कॉल."

मामांनी दिला. फोन वाजला. मामांनी कापला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "आन आता काय खायाला असंल ते."

त्यांना डॉक्टरकडं नेलं, सलाइन लावलं, फरहत आली, बापाला बोल बोल बोलली आणि आठवडाभर राहून गेली. मॅडमनी इकडं नवीनच वही उघडल्यासारखं काम सुरू केलं. कोण कोण फोन कापतं त्यांच्या घरी त्या मला घेऊन जाऊ लागल्या. आमच्या वरवंडच्या कुशाबाई म्हणाल्या, "रिंग आली म्हंजी हाय कुनीतरी. बोलायचं काय?" शिक्रापूरच्या खोल्यांतली पोरं म्हणाली, "बस, घंटी आ गयी, सो गये." मग मॅडमनी यंत्राची रीतच बदलली. बोला म्हणून कुणाच्या मागं लागायचं नाही. मिस कॉल आला की एक रिंग द्यायची. रोज देणाऱ्याचा आला नाही, तर मात्र माणूस पाठवायचं. ते माणूस म्हणजे मी. याच कामाला बक्षीस मिळालं.

पुण्याला निघालो तेव्हा मामांनी पांढरा कुर्ता, टोपी आणि अत्तर, अगदी ईदसारखी तयारी केली होती. हॉल एसीचा, खुर्च्या मऊ. बाहेर टेबलांवर एकेकानं आपापलं संशोधन मांडलेलं. एकाचं मनगटावरचं घड्याळ होतं, झोपेवरून माणूस उदास आहे का ते सांगणारं. एका पोरीचं ॲप चेहरा बघून मनातलं ओळखायचं. तिनं हौसेनं मामांपुढं धरलं. ॲप म्हणालं, रागात आहे. मामा म्हणाले, "कायमचंच तोंड हाय हे माझं." पोरगी बिचारी ओशाळून हसली.

मॅडमचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना ओढत स्टेजवर नेलं. टाळ्या काय, फोटो काय! सूत्रसंचालिकेनं मामांच्या तोंडासमोर माइक धरला आणि विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?"

मामांनी माइककडं बघितलं, मग अध्यक्षांकडं. "ही रिंग बंद करनार म्हंत्यात. खरं का?"

अध्यक्ष वयस्कर डॉक्टर होते, सज्जन माणूस. त्यांनी खरं तेच सांगितलं, की अभ्यासाची मुदत संपली आहे, पुढं हे काम सरकारनं चालवावं म्हणून प्रस्ताव पाठवलाय.

"सरकार व्हय?" मामा म्हणाले. "मग टाइम लागंल."

सगळा हॉल हसला. मला हसू आलं नाही. वाळलेली भाकरी आणि मुठीतला फोन डोळ्यांपुढून हलेना. जेवणाच्या रांगेत मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या, एका हातात मानचिन्ह आणि एका हातात रिकामी प्लेट. म्हणाल्या, "ताई, मीच रोज त्यांना एक रिंग दिली तर?"

मी म्हटलं, "थांबा, मी बोलते."

परतीच्या बसमध्ये मी विषय काढला. "मामा, उद्यापासून मला देत जावा मिस कॉल. मी उलट वाजवीन. मी न्हाई तर मॅडम वाजवतील."

मामा खिडकीबाहेर बघत होते. उरुळी मागं पडली. मग म्हणाले, "तू कुठं माझी वाट बघतीस?"

"म्हंजी?"

"तुला दहा गावं फिरायची असत्यात. त्या पोरीला नोकरी हाय. वाट बघनाऱ्याला वाजवायचं असतं गं. नुसतं दया येती म्हनून वाजवनार तुमी. मला कळत न्हाई व्हय?"

"आणि यंत्र वाट बघत होतं का तुमची?"

"त्याला दुसरं काम न्हवतं," मामा म्हणाले.

कपाळ माझं! मी चिडून तोंड फिरवलं. यवत आलं. मामा कुर्ता सावरत उतरले, दोन पावलं गेले आणि परत आले. माझ्या खिडकीखाली उभं राहून, मान वर करून म्हणाले, "पोचलीस की वाजव."

बस सुटली. मला किती वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मी कुठंही जाते, कधीही येते, कुलूप काढते, दिवा लावते. पोचले का नाही, कुणाला फरक पडतो? पण मनात मामांचाच घोर इतका होता, की वरवंडला उतरले, घरी आले, पाय धुतले, आणि उद्यापासून मामांचं कसं व्हायचं या विचारात तशीच भिंतीला टेकून बसले.

फोन वाजायला लागला. एक रिंग झाली, दोन झाल्या, थांबेचना. मामांचा नंबर. मामा कधी इतका वेळ वाजवत नाहीत. मी उचलला.

"कुठं तडमडलीस?" मामा गरजले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज मी फोनवर ऐकत होते. "बस पलटी झाली का काय झालं, मानसानं समजायचं काय? सांगायची काय रीत हाय का न्हाई? पीठ मळून बसलोय मी इथं! तू पोचल्याबिगर तवा ठिवायचा कसा?"

"मामा, पोचले हो मी. मघाशीच पोचले."

"मग वाजवायला काय हात मोडलं व्हतं? तुझी मामी असती तर चपलंनं बडवलं असतं. आन् ऐक, उद्या शिरूरला जानार म्हनलीस न्हवं, हापिस आवरायला?"

"व्हय."

"येताना पारगावचा पूल वलांडला की वाजव. त्याच्या आत न्हाई, त्याच्या म्होरं न्हाई. पूल वलांडला की. मी बसतो केबिनमधी."

मी मुसमुसतच "व्हय मामा" म्हणाले.

"रडाय काय झालं? ठेव आता फोन. आन् नीट वाजव, रीतीनं."

मी फोन ठेवला. डोळे पुसले. मग रीतीनं त्यांचा नंबर लावला, एकदा वाजू दिला आणि कापला. फोन मांडीवर ठेवून बसले. तो एकदाच वाजला आणि थांबला. मी उठले आणि तवा ठेवला.